दीड काडी

मंगळवार, २२ सप्टेंबर १९९८

प्रिय दादा,

"काडी चुलीला लावायची असते, म्हाताऱ्या, धनुष्याला नाही."

हे वाक्य तू बोललास त्याला पुढच्या बुधवारी एकोणतीस वर्षं होतील. तुला कदाचित आठवतही नसेल. बोलणाऱ्याला कुठे आठवतं? असो, आधी खुशाली. माझे बटाटे काढून झाले, यंदा लहान निघाले. सफरचंदाच्या झाडाखाली रोज संध्याकाळी दोन माद्या आणि एक पाडस येतं. कुत्रा आता म्हातारा झालाय, नुसता बघत बसतो. माझी तब्येत ठीक. तुझ्या तब्येतीचं एल्सी वहिनीकडून कळलं.

हो, एल्सी वहिनीकडून. तिला रागावू नकोस. तुझ्या धनुष्याच्या मुठीचं नवं चामडं तुझ्या हाताला लागलंच असेल आणि ती काहीतरी थाप मारून मोकळी झाली असेल. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे मार्केट शहरात गेलास त्या शुक्रवारी ती धनुष्य चादरीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. जणू काल रात्री जेवून गेली होती अशी आत आली आणि म्हणाली, "इर्या, शिकारीच्या कॅम्पात उंदरांनी याच्या मुठीचं चामडं खाल्लंय. हातात सरकतं. मी म्हटलं नीट करून आणू, तर म्हणे हात लावशील तर बघ. तू गुपचूप करून दे."

"माझ्याकडे आणलंस हे त्याला कळलं तर?"

"तर मला वाफेच्या सौनात कोंडून वर आणखी लाकडं टाकेल. बत्तीस वर्षं टाकतोच आहे. मी काही विरघळले नाही."

मग कॉफीत वेलदोड्याचा पाव बुडवत ती तुझ्या डोळ्यांबद्दल बोलत राहिली. डाव्यात मोतीबिंदू, उजव्यात साखरेने केलेलं नुकसान. खांदाही धरलाय, त्यामुळे हल्ली सरावाला एकही बाण सोडत नाहीस. सगळे बाण एक ऑक्टोबरसाठी राखून ठेवलेत म्हणे. मी तिला आणखी पाव वाढला. चेहरा मी नेहमीसारखा ठेवला, असं मला वाटतं.

ती गेल्यावर मी उंदरांनी कुरतडलेलं चामडं सोडवायला घेतलं. बाण टेकतो त्याच्या वर, निशाणाकडे तोंड असलेल्या बाजूला, चामड्याचा एक छोटासा पदर होता. शिवलेला नव्हता, नुसता दाबून बसवलेला. मी नखाने उचलला.

खाली काडी होती, दादा. काडेपेटीतली काडी. गुल पांढऱ्या रंगात बुडवलेला, धनुष्याच्या कडेबाहेर जेमतेम डोकावणारा, आणि मासेमारीच्या हिरव्या दोऱ्याने बांधलेली. गाठ तुझी नव्हती. जन्मभर जाळी विणलेल्या माणसाची गाठ लपत नाही, ती तुमच्या कॅम्पातल्या टाउनोची होती. म्हणजे टाउनोला माहीत होतं. यंदा मार्चमध्ये आपण त्याला पुरलं तेव्हा तू त्याच्या शवपेटीशी इतका वेळ का उभा होतास, ते मला ही गाठ पाहून कळलं.

मी हसले. इतकी हसले की कुत्रा उठून बाहेर गेला.

तुला माहीत आहे मी कशाला हसले. तरी मी सांगणार आहे, कारण एकोणतीस वर्षांत आपल्या दोघांपैकी कोणी ते मोठ्याने बोललेलं नाही.

बाबांच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं ते त्या वर्षीच्या मार्चमध्ये. ते अंधार म्हणायचे नाहीत, धुकं म्हणायचे. हरणाचा रंग दिसायचा, पण बाण कुठे निघालाय ते आता हाताला कळत नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर उघड्या धनुष्याने, नुसतं बघून आणि सोडून, एकवीस हरणं आणली, तो गवताच्या पेंढीवर बाण मारायचा आणि विचारायचा, "लागला का गं?" मी सोळा वर्षांची होते. बाजारातल्या मासिकात मी धनुष्यावर नेम धरायची साइट पाहिली होती, पितळी, पिनांची. तेवढे पैसे नव्हते, आणि बाबांनी ती हातात धरलीही नसती. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी एक काडी उभी चिरली आणि जखमेला लावायच्या चिकटपट्टीने मुठीच्या वर बसवली. गुल नजरेने हरणाच्या खांद्यावर टेकवायचा आणि सोडायचं, एवढंच. पहिल्या दिवशी बाण डावीकडे गेले तेव्हा मी काडी डावीकडे सरकवली. खाली गेले तेव्हा खाली. बाण जिकडे जातो तिकडे काडी न्यायची, हे मी तेव्हा शिकले, आणि अजून विसरले नाही. जुलैपर्यंत बाबांचे पाच बाण एका बशीत मावायला लागले. एकदा धनुष्य खाली घेऊन ते म्हणाले, "इर्या, हे म्हणजे कोणीतरी हात धरून रस्ता ओलांडून देतंय."

मग तीस सप्टेंबर आला. शिकारीच्या आदल्या दिवशी कॅम्पात प्रत्येकाने वीस पावलांवरच्या थाळीत तीन बाण मारायचे, मगच दुसऱ्या दिवशी रानात पाऊल टाकायचं. मी पावाची टोपली घेऊन दारात उभी होते. बायकांना तेवढीच परवानगी होती. बाबांचे तिन्ही थाळीत लागले. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू पुढे झालास, त्यांच्या हातातलं धनुष्य घेतलंस, उलटं करून अकरा जणांना दाखवलंस. पट्टी ओढून काढलीस. ते वाक्य बोललास. आणि त्याच काडीने कॅम्पातला स्टोव्ह पेटवलास.

सगळे हसले. टाउनो हसला नाही, हे मला आता आठवतंय.

दुसऱ्या दिवशी बाबा उघडं धनुष्य घेऊन गेले. जाऊ नका म्हणायला मी तिथे नव्हते. मादीच्या पोटात बाण लागला. दोन दिवस ते दलदलीत गुडघ्यांवर रांगत पानांवरचं रक्त हाताने चाचपत शोधत होते, कारण डोळ्यांना लाल आणि तपकिरी सारखंच दिसत होतं. ती सापडली नाही. ते घरी आले, धनुष्य खुंटीला लावलं आणि पुन्हा काढलं नाही. एप्रिलमध्ये गेले. तू त्यांच्या अंत्ययात्रेनंतरच्या रविवारी कॅम्पात जाऊन स्टोव्हवरच्या फळीला रंधा मारलास. उघड्या धनुष्याने शिकार करणाऱ्यांची नावं तापल्या सळईने डागलेली ती फळी. सगळ्यात वरचं, बाबांचं १९३८ सालचं नाव गेलं. तिथे अजून फिकट पट्टा दिसतो म्हणतात. दुसऱ्या नंबरला तुझं नाव आहे, म्हणजे आता पहिलंच.

तर दादा, मी तुझं चामडं नवं बसवलं. छान बसवलंय, तूही नाव ठेवणार नाहीस. पदर होता तसाच ठेवला. आणि काडी सरकवली.

दीड काडीच्या जाडीइतकी, डावीकडे. टाउनोच्या गाठीसारखीच गाठ मारली. वीस पावलांवर बाण चार बोटं उजवीकडे जाईल. तू दलदलीच्या कडेच्या आडोशात बसतोस, पंचवीस वर्षं तोच आडोसा. तिथे हरणं सीडरच्या झाडांमधून निघून उजवीकडून डावीकडे जातात, ओकच्या फळांकडे. डावीकडे तोंड केलेल्या हरणाच्या खांद्यावर काडी टेकवलीस आणि बाण चार बोटं उजवीकडे गेला, की तो कुठे लागतो ते तुला सांगायला नको.

थाळीवर तुला कळलं असतं. पण कॅम्पातल्या सगळ्यात वडील माणसाला थाळी माफ असते, आणि टाउनो गेल्यावर तो मान तुझा. हेही मी हिशोबात धरलं होतं.

शनिवारी वहिनी धनुष्य घेऊन गेली. मी तिला अर्धा पाव बांधून दिला आणि दारातून हात हलवला. त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली, जशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

गुरुवार

पत्र बंद केलं नव्हतं. दोन दिवस टेबलावर मीठदाणीखाली पडून होतं.

काल संध्याकाळी त्या दोन माद्या आणि पाडस झाडाखाली आली. मी खिडकीत भांडी विसळत होते. मोठी मादी मान खाली घालून डावीकडे तोंड करून उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांनी आपोआप खांद्यापासून चार बोटं उजवीकडे मोजली. हातातली बशी मी खाली ठेवली. तिने तुझं काय केलंय? तिने माझंही काही केलेलं नाही. बाबांना ती दलदलीतली मादी शेवटपर्यंत सुटली नाही. तापात ते तिलाच हाका मारायचे, मला नाही. आणि मी तुझा सूड घ्यायला तीच मादी पुन्हा मारायला निघाले होते.

म्हणून पत्र पूर्ण करते आहे. तुझ्यासाठी नाही. तुझ्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, तसं समजू नकोस.

आता ते दुसरं. ते मला इथे लिहायचं नव्हतं.

काडी निशाणाकडच्या बाजूला असते. बाण सोडणाऱ्याला गुलाचं टोक तेवढं दिसतं; मागे उभ्या असलेल्याला तेही नाही, त्याला फक्त मारणाऱ्याची पाठ दिसते. म्हणूनच तर तू आणि टाउनो इतकी वर्षं खपवू शकलात. बाबांनाही हे माहीत होतं. शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांचे पाय चोळत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "आर्वोला कसं दिसलं असेल गं?"

मी म्हणाले, "दादाची नजर तेज आहे, बाबा."

ते म्हणाले, "हो. माझ्यावर गेलाय." आणि त्यांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, दादा, मी त्यांचा चेहरा पाहिला.

तुझी नजर तेज नव्हती. मीच तुला सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये, गवत रचून झाल्यावर, विहिरीपाशी. तू म्हणालास, "म्हातारा हल्ली बरा मारतोय, काय पाजतेस त्याला?" आणि मी, सोळा वर्षांची, फुशारकीने फुगलेली, म्हणाले, "पाजत नाही, बसवून दिलंय. कोणाला सांगू नकोस हं." मला वाटलं तू म्हणशील, शाबास. तू पाणी प्यायलास, तोंड पुसलंस आणि गेलास.

तू कोणालाच सांगितलं नाहीस की माझ्याकडून कळलं. बाबांनाही नाही, वहिनीलाही नाही, हे मी तिच्या बोलण्यावरून ताडलं. मी तुझ्याशी बोलणं टाकलं, गावभर तुझ्याबद्दल बोलत राहिले, तरी तू ते एक वाक्य वापरलं नाहीस. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. का नाही वापरलंस? माझ्यावर करून ठेवलेल्या त्या उपकाराचासुद्धा मला राग येतो. काडीइतकाच येतो.

तर आता असं आहे. काडी दीड काडीभर उजवीकडे घ्यायला हवी. तुला ती जवळून दिसत नाही, आणि तुझ्याने ती गाठ सुटणारी नाही, मी घट्ट मारली आहे. टाउनो नाही. कॅम्पात कोणाला सांगशील तर पदर उचलून दाखवावा लागेल. पण काडी नीट केल्याशिवाय रानात जाऊ नकोस. एवढं तू करशील, याची मला खात्री आहे. पोटात बाण लागलेलं हरीण तुलाही माहीत आहे. बाबांबरोबर त्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी कंदील घेऊन तू गेला होतास, हे मी कधी कोणाला सांगत नाही.

राहता राहिले मी. या भागात काडी बसवणारं दुसरं कोणी नाही.

बुधवारच्या आत माझ्याकडे ये. स्वतःच्या पायांनी, भर दिवसा, शेजाऱ्यांना दिसेल असं धनुष्य हातात घेऊन. बाबा बसायचे त्या खुर्चीवर बस. मी दहा मिनिटांत काडी बसवून देते, मग मागच्या अंगणात पेंढीवर तीन बाण मार, मी कुठे लागले ते सांगेन. मग बुधवारी, ओव्हनमधून मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या निघून सगळे जेवायला बसले की, त्या सगळ्यांसमोर पदर उचल. सळई स्टोव्हमध्ये तापत ठेव आणि बाबांचं नाव त्या फिकट पट्ट्यावर परत डाग. तुझ्या हाताने. मी पावाची टोपली घेऊन दारात उभी राहीन, आणि तुझं झाल्यावर तुला कोणी सांगितलं होतं ते मी सांगेन. ते मी तुझ्यावर सोपवत नाही.

तू येणार नाहीस. कागद चुरगाळून स्टोव्हमध्ये टाकशील आणि वहिनीला म्हणशील, बाई वेडी आहे, आधीपासूनच होती. मला तुझा आवाज इथे ऐकू येतोय.

तरी ये, दादा.

जिने काडी लावली आणि जिने सांगितलं, ती तुझी बहीण,

इर्या