ताईची कापडी टेप

६ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

इथूनच पाया पडतो. तुझी तब्येत बरी असेल, सूनबाई आणि नातवंडं मजेत असतील, असं धरून चालतो. आम्ही ठीक. थंडीत हिचा गुडघा धरला होता, आता जिना चढते. मुलीची परीक्षा संपली. घराला रंग काढला, तो जरा जास्तच पिवळा झाला. ही म्हणते, रंगाऱ्यालाच कावीळ झाली असावी.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला लगेच बोलावं लागत नाही.

कामाचं सांगतो. शिवणाचं दुकान बंद करून आरोग्य केंद्रात लागलो, त्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. काम तुला मोघम ठाऊक आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्यासाठी वस्तीत मोहीम चालते. यादीत चारशे बारा माणसं. रोज सकाळी जमतील तेवढ्यांना घेऊन चालायला जायचं. बुधवारी केंद्राच्या मागच्या खोलीत कमी तेलात, कमी साखरेत कसं रांधायचं ते दाखवायचं. आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचं वजन नि कंबर मोजून वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी चालायला सात जण आले होते, त्यातले दोघे पत्ता चुकून. आता साठ-सत्तर येतात. पुलापर्यंत जाऊन परत येईतो सुनांच्या तक्रारी, सासवांच्या तक्रारी, सगळं बोलून होतं. औषध निम्मं तेच असावं.

आता बाहेरून पाहणी होणार आहे. एक मॅडम येतील, वह्या तपासतील, लोकांशी बोलतील आणि मोहिमेनं खरंच काही फरक पडला का ते ठरवतील. पडला असेल तर काम चालू राहील आणि शेजारच्या तीन वस्त्यांतही सुरू होईल. नसेल तर मार्चअखेर कुलूप.

आणि फरक पडलाय, ताई. कंबर सरासरी चार सेंटिमीटरनं उतरली. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे माप सगळ्यांत भरवशाचं, कारण दोन वर्षं ते एकाच माणसानं, एकाच टेपनं घेतलंय. आमच्या कामात असं म्हणू नये, पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ती टेप तुझीच. नोकरी लागली तेव्हा पत्र्याच्या डब्यातून काढून दिली होतीस, कोरी, घडीसुद्धा न मोडलेली. म्हणाली होतीस, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. नाही दिली. दर शनिवारी साबणानं धुतो आणि तू शिकवलंस तशी खाली कात्री अडकवून खुंटीला वाळत घालतो, म्हणजे सुरळी होत नाही.

एक गंमत सांगून थांबतो. आमच्यात एक बसड्रायव्हर आहे. रस्त्यात दिसेल त्या बाकावर थांबतो म्हणून बायकांनी त्याचं नाव ब्रेकराव ठेवलंय. काल त्याचं माप घेतलं, पाच सेंटिमीटर उतरलेलं. तर म्हणाला, "मास्तर, तुमच्या वहीत माझी कंबर गेली, पण पट्ट्याचं भोक तेच आहे बघा." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

आणखी एक लिहायचं होतं, पण कागद संपत आला.

तुझा
धाकटा


१३ मार्च, रविवार

प्रिय ताई,

पुन्हा नमस्कार. उत्तर आलं नाही, त्याचं मनात काही धरलेलं नाही.

मागच्या पत्रात ब्रेकरावाची गंमत लिहिली होती. ती गंमत नव्हती. चार दिवस ते पट्ट्याचं भोक डोक्यातून जाईना. माणूस रोज सकाळी अंधारात, झोपेत पट्टा लावतो. त्याची बोटं कशाला खोटं बोलतील? शेवटी शाळेच्या वर्कशॉपमधून पोलादी पट्टी मागून आणली, टेबलावर ठेवली आणि तिच्या कडेनं तुझी टेप लावली. टेपवरचा शंभरचा आकडा पट्टीवर एकशे तीनला लागला होता.

पुन्हा लावली. खिडकीत जाऊन लावली. मग खाली बसलो.

टेप ताणली गेली होती, ताई. दोन वर्षं धुऊन, कात्री अडकवून. लांबलेली टेप कंबर कमी दाखवते. म्हणजे माझ्या वहीत जे चार सेंटिमीटर उतरले होते, त्यातले तीन टेपचे होते, माणसांचे नव्हते.

मी म्हटलं, शिंपी असून मला कळलं कसं नाही? मग लक्षात आलं की शिंपी होतो म्हणूनच कळलं नाही. आपल्या धंद्यात माणूस आणि कापड एकाच टेपनं मोजतात. टेप लांबली तर दोन्हीकडे सारखीच लांबते, सदरा बेतशीर बसतो. वीस वर्षं शिवण केलं, टेप तपासायची असते हे कधी डोक्यातच आलं नाही. इथं मात्र आजचं माप दोन वर्षांपूर्वीच्या मापाशी लावायचं होतं.

पाहणीला आठ दिवस होते. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की तुम्ही दिसलं तेच लिहिलंय, त्यात खोटं काही नाही. आणि हेही म्हणाल्या की तीन वस्त्यांचं काम ह्या एका मापावर उभं आहे. गप्प बसा असं त्या म्हणाल्या नाहीत. बोला असंही म्हणाल्या नाहीत. भली बाई आहे, त्यांनाही जड गेलं.

घरी येऊन देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. काय करायचं ते मला ठाऊक होतं, फक्त जिवावर आलं होतं. डोळ्यांपुढे पुलावरची ती साठ-सत्तर माणसं येत होती. कोपऱ्यावरची फुलवाली एक, जी पहिल्या महिन्यात भिंतीला धरून चालायची आणि आता माझ्या पुढे असते. केंद्राला कुलूप लागलं तर ती एकटी कशाला बाहेर पडेल?

हिला विचारलं. ती म्हणाली, "ताई इथं असत्या तर तुम्ही मला विचारायला आला असतात का?"

मॅडम आल्या त्या दिवशी त्यांच्यासमोर आधी टेप आणि पोलादी पट्टी ठेवली, मग वह्या. म्हटलं, "ही टेप तीन सेंटिमीटरनं वाढली आहे. लोक वहीत दिसतात तितके कमी झालेले नाहीत." मॅडम वयानं माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं स्वतः दोनदा लावून पाहिलं. मग विचारलं की हे कुणी शोधून काढलं. मी म्हटलं, पट्ट्याच्या एका भोकानं.

ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली की टेप केव्हा किती वाढली हे आता कुणालाच सांगता येणार नाही, तेव्हा कंबरेची सगळी मापं बाजूला ठेवावी लागतील. चारशे बारा माणसं, दोन वर्षं. पाच मिनिटांत बाजूला. वजनकाटा आणि रक्ताचे अहवाल ती वेगळे तपासणार आहे. निकाल महिनाअखेर.

बाहेर आलो तर ब्रेकराव बाकावर बसला होता. त्याला म्हटलं, तू बरोबर होतास. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, मास्तर, मी आपलं उगाच बोललो, भोक पाडून घेतो हवं तर.

ताई, तू दिलेल्या टेपला मी दोष देत नाही. कात्री अडकवायला तू शिकवलंस, त्यालाही नाही. वळवळणारी टेप घेऊन शिवणारा शिंपी बघवत नाही, हे तुझंच म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. चूक इतकीच की मी टेपवर जेवढी माया केली, तेवढी तिची तपासणी केली नाही. माया असली की आपण बरोबरच आहोत असं वाटतं. हे मी टेपबद्दल लिहितोय खरा, पण तुला कळेल.

तुझा
धाकटा


१० एप्रिल, रविवार

प्रिय ताई,

तुझं पाकीट गुरुवारी पोचलं. हिनं फोडलं आणि म्हणाली, पत्र नाही, दोराच आहे. मी हातातला चहा खाली ठेवला.

दोऱ्याचं नंतर. आधी निकाल.

मोहीम बंद होत नाही. तीन वस्त्यांचं काम मात्र मिळालं नाही, ते पुढच्या वर्षी पाहू म्हणालेत. मॅडमनी अहवालात लिहिलंय की कंबरेची मापं धरता येत नाहीत. वजन सरासरी दीड किलोनं उतरलंय, तो काटा बरोबर निघाला. आणि यादीतल्या एकशे चाळीस मधुमेही माणसांपैकी त्र्याऐंशी जणांची तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आली आहे. ती रक्तात मोजलेली, तिथं माझा हातही लागलेला नाही. जे मध्येच सोडून गेले त्यांची नावं मॅडमनी मागितली. ती मी वेगळ्या पानावर लिहून ठेवली होती, एकावन्न. त्यांच्या घरी जाऊन त्यांना परत बोलवायचं, हे आता माझं पहिलं काम.

चार सेंटिमीटरपेक्षा हे थोडं दिसतं. पण खरं सांगू, ते चार सेंटिमीटर ऐकताना छाती फुगली होती. हे त्र्याऐंशी ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. फुलवाली त्या त्र्याऐंशीत आहे. ब्रेकरावही आहे, भोक तेच असलं तरी. सकाळी पुलावर सगळ्यांना हे सांगितलं. मग फुलवाली म्हणाली की मापं गेली तर गेली, उद्या चालायला कितीला यायचं ते सांगा.

आता दोरा.

आपल्याकडे गावात बायका दुकानात येत नसत, दोऱ्याला गाठ मारून माप पाठवत, आणि तू त्या गाठीवरून ब्लाऊज बेतायचीस. मी विसरलो होतो. तू एका दोऱ्याला दोन गाठी मारून पाठवल्यास आणि चिठ्ठीवर तीन ओळी. पहिली गाठ त्या दिवसाची. दुसरी आजची. दोरा नायलॉनचा आहे, ताणत नाही.

मी तो पोलादी पट्टीवर लावला. दोन गाठींत सात सेंटिमीटर आहेत, तेवढी तुझी कंबर उतरली. यादीतल्या कुणाचं एवढं उतरलेलं नाही. तू कुठल्याच यादीत नाहीस, अहवालात तुझा उल्लेख येणार नाही, पण दोन वर्षांच्या कामातलं मला पूर्ण खरं वाटणारं कंबरेचं माप हे एकच आहे. मला किती अभिमान वाटला ते लिहिता येत नाही. दोरा हातात घेऊन नुसता घरभर फिरलो. ही म्हणाली, आता शेजाऱ्यांना दाखवून याल. नाही दाखवला, ताई. कुणालाही नाही दाखवला.

कारण पहिली गाठ त्या दिवसाची आहे.

तो दिवस दोन पत्रं टाळला. आज लिहितो. तू तुझी साखर मला एकट्याला फोनवर सांगितली होतीस, भावाला, विश्वासानं. आणि भाचीकडच्या जेवणात, वीस माणसांत, मी तुझ्या पुढची गोडाची वाटी उचलली आणि म्हणालो, "तीनशे दहा साखर आहे तुझी, लाज वाटत नाही?" तू हात धुतलेस आणि निघून गेलीस. आमच्या कामाचा पहिला नियम आहे की कुणाचा आकडा दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. अनोळखी चारशे बारा माणसांसाठी मी तो पाळला. तुझ्यासाठी नाही.

आणि हे कुणालाच माहीत नाही, हिलाही कालपर्यंत नव्हतं. त्या जेवणाच्या चार दिवस आधी माझा स्वतःचा अहवाल आला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठ, साडेसहापासून मधुमेह धरतात. तो मी कपाटात बटणांच्या डब्याखाली ठेवला. लोकांना रक्त तपासायच्या रांगेत उभं करणारा मी स्वतः रांगेत उभा राहिलो नाही. तुझ्या वाटीकडे बघून जो ओरडलो, तो माझ्याच भीतीनं ओरडलो. तुला लाज वाटावी असं काही नव्हतंच. लाज माझी होती आणि ती मी तुझ्या पानात वाढली.

तू घरी जाऊन रागात दोरा घेतलास आणि गाठ मारलीस. मी अहवाल लपवला. दोघांत शूर कोण ते पोलादी पट्टी न लावताही दिसतं.

परवा मी रांगेत उभा राहिलो. फुलवालीच्या मागे, माझ्या पुढे दोघे. तिनं वळून पाहिलं आणि जरा सरकून जागा दिली. माझी सरासरी आता सात पूर्णांक दोन आहे. रोज सगळ्यांबरोबर चालत होतो, तेवढ्यानंच उतरली असणार. पुढचं डॉक्टरीणबाई सांगतील तसं करणार आहे, औषधही घेणार आहे.

तुझा आकडा मी चारचौघांत बोललो. माझा तुझ्या हातात देतो. पुढच्या जेवणात, वीस माणसांत, तुला वाटलं तर मोठ्यानं सांग. मी तुझ्या शेजारीच बसलेला असेन.

नवी टेप केंद्रानं दिली आहे, न ताणणारी, दर महिन्याला पोलादी पट्टीवर लावून सही करायची. तुझी टेप परत पत्र्याच्या डब्यात ठेवली, तिच्याबरोबर तुझा दोरा. डबा देवाजवळ आहे.

तुझा धाकटा,
यादीत क्रमांक चारशे तेरा