कोरडी कवायत

प्रिय आशू,

परवा तुझा मेसेज आला. 'बाबा, तिकीट बदला, मला शनिवारीच परत यायचंय.' एवढंच. शेवटी ना फूल, ना हसरा चेहरा. आई म्हणाली, पोरगी चिडलीय. मी म्हटलं, रडलीय. त्यावरून आमची नेहमीसारखी जुंपली आणि चहा उकळून आटून गेला. देशोदेशीच्या छोट्या अग्निशमन स्वयंसेवकांच्या उन्हाळी शिबिराला आपल्या शहरातून एकटी तू निवडली गेलीस, ऑस्ट्रियाला पोचून आठवडा होत नाही, तोच हे. तिकिटाचं काय केलं ते सांगतोच, पण आधी घरची खबरबात ऐक. बाप कागदावर पत्र लिहितोय म्हटल्यावर एवढा जाच सोसायलाच हवा. पत्राचा फोटो मीच काढून पाठवणार आहे, मध्ये अंगठा आला तर समजून घे.

तिकडचा उन्हाळा तू म्हणतेस तसा गार असेल, इकडे जुलै अर्धा सरला तरी आभाळ नुसतं तोंड दाखवून जातंय. आपल्या पुंडलिकनगरात नळाला आठव्या दिवशी पाणी, आणि त्या दिवशी तुझी आई घरातली सगळी भांडी अशी मांडते की पंगतच बसायची आहे. मागच्या प्लॉटवरची सात मजली इमारत भरली. आता तुझ्या खिडकीतून चिकलठाण्याकडची विमानं दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. नवीन लोक राहायला आले आणि त्यांच्यामागून टँकर आले. तुझी जिवलग मोनिका सध्या रोज आपल्याकडे असते. आई तिची वेणी घालते आणि तुझ्या नावानं उसासे टाकते. मोनिकाची आई धपाटे पाठवते, तुझ्या वाटणीचेही मलाच खावे लागतात.

तुला आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? त्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीत आगीचा बंब आला तो पिण्याचं पाणी वाटायला. तू आठवीत होतीस. आई कळशी घेऊन रांगेत, आणि तू थेट बंबावर, कडुबामामांच्या शेजारी पाइप धरून. मी खालून 'उतर, उतर' ओरडतोय आणि मामांसारखा जुना फायरमन मलाच दटावतोय, 'ऱ्हाऊ द्या वो साहेब, पोरीचा हात लई स्थिर हाय!' पुढं मामांनी पोरापोरींचं स्वयंसेवक पथक काढलं तेव्हा तू आणि मोनिकानं सर्वांत आधी नावं दिली. पण कवायतीला पाणी कुठून आणणार? बंबातलं पाणी लोकांच्या हंड्यांत चाललेलं. म्हणून तुमची कोरडी कवायत. पाइप उलगडायचा, जोडायचा, मामा 'पानी चालू' ओरडले की नोझल रोखून उभं राहायचं, 'पानी बंद' म्हणाले की पाइप गुंडाळायचा. थेंबाचं काम नाही. क्रांती चौकात तुम्ही ते करून दाखवलंत तेव्हा गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, 'अगं पोरी, पाणी कुठंय?' आणि तू नोझल जराही न हलवता म्हणालीस, 'काका, आग तरी कुठंय?' घरी आल्यावर मी तुला उद्धट म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी तोच किस्सा ऑफिसात टेबलाटेबलावर जाऊन सांगितला.

रविवारी फोनवर तू जे सांगितलंस ते माझ्या मनातून जात नाही. पाइप जोडण्यात तुझा गट सगळ्यांच्या पुढे होता, त्या उंचनिंच पोरी बघत राहिल्या. मग पाणी चालू झालं आणि माझी वाघीण कोरड्या कवायतीत उभी राहते तशी ताठ उभी राहिली. भरल्या पाइपाला जोर किती असतो, अंग पुढं टाकून पाय रोवावे लागतात, हे तिला कुठून माहीत असणार? पाइपानं तुला चिखलात आपटलं. इथवर मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण तू उठलीस आणि निशाण्यावर धार धरायची सोडून नोझलच बंद केलंस, कारण पाणी गवतावर चाललं होतं. गट हरला. नंतर सगळी पोरं त्याच पाइपानं एकमेकांना भिजवत होती आणि तू तंबूत जाऊन बसलीस. 'बाबा, इथलं पाणी बघून मला राग येतो. आई तिथं भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालते आणि मी इथं...' आता म्हणतेस, नोझल हातात धरणार नाही, परतच येते. बाळा, तुझा राग मला कळतो. तो आला नसता तर मला जास्त वाईट वाटलं असतं. फार अभिमान वाटला गं मला तुझा, आणि तो फोनवर सांगता आला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला कळू द्यायची नाही अशी मोनिकानं आम्हाला शपथ घातली होती. आई तिची वेणी घालते, कारण मोनिकाचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मागच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जुन्या गाद्यांच्या ढिगानं पेट घेतला. मोनिका तेव्हा आपल्याच घरी होती. बंब आला तर मामांबरोबर फक्त ड्रायव्हर, बाकीचे दुसऱ्या आगीवर. आपली मोनिका धावली, पाइप जोडला, नोझल धरलं आणि कवायतीत उभी राहते तशी उभी राहिली. पाणी आलं आणि तिला खांबावर फेकून गेलं. पुढं मामांनीच पाइप धरला, आग विझली, वरची माणसं सुखरूप आहेत. पण पोरगी विव्हळत मामांना काय विचारते? 'मामा, पाणी इतकं जड असतंय व्हय?' आई हे सांगताना अजून रडते.

कडुबामामा तेव्हापासून खचलेत. काल घरी आले, तू परत यायचं म्हणतेस हे कळल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, 'साहेब, मला पाइप धरता येतो, सांगता येत नाय. लई वर्सं झाली, अंग आपसूक वाकतं. आशूला आत्ता पान्यानं आपटलंय. कुठं चुकतं ते तिला कळंल. ती शिकून आली तर कोरड्यात सुदिक बाकीच्या पोरांना नीट उभं करंल.' आणि जाता जाता बजावून गेले, 'पन तिला मोनिकाचं सांगू नका, घाबरंल.' मी सांगितलं. घाबर थोडी, हरकत नाही. पण उद्या पुन्हा नोझल धर. पुन्हा आपट, पुन्हा उठ, आणि पाणी बंद करू नकोस. त्या गवतावर जेवढं जाईल ते मोनिकाच्या दुसऱ्या हातासाठी गेलं असं समज.

तर, तिकीट. मी ते बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. तू जन्मल्यापासून तुला पहिल्यांदा नाही म्हणतोय. आपल्या घरात नाही म्हणायचं काम आईचं आणि हो म्हणायचं माझं, अशी सोयीची वाटणी होती. काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा आईनं उचलला आणि बाबा आंघोळीला गेलेत म्हणाली. ते मीच तिला सांगायला लावलं. नळाला पाणी यायला चार दिवस बाकी असताना मी आंघोळीला! तुला ते खोटं तिथल्या तिथं कळलं असणार. मी दाराआडच उभा होतो. फोन हातात घेतला असता आणि तू 'बाबा' म्हणून नुसतं नाक ओढलं असतंस, तरी मी तिकीट बदलून मोकळा झालो असतो. म्हणून हे पत्र, आशू. कागदाला तुझं रडणं ऐकू येत नाही.

तुझाच, दाराआड उभा राहिलेला,
बाबा