रेषेची ओळख

प्रिय दादा,

चित्रकलेच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागून सहा वर्षं झाली, तरी चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही, असा इथल्या मास्तरांचा पक्का समज.

सोमवारी जिन्यातल्या भिंतीवर कोळशाने काढलेलं चित्र सापडलं. खुर्चीत आमचे संचालक आणि खुर्चीला जमिनीत गेलेली मुळं. संचालकांनी आम्हा सगळ्यांना तिथे उभं केलं. "हात कुणाचा?" चित्रकलेच्या चारही मास्तरांनी चष्मे पुसून पाहिलं आणि म्हणाले, "नाही बुवा सांगता येत." मला वाटलं, यांना खरंच ओळखता येत नाही! मी हुरळलो. "बोटं बघा, एका दमात काढलीत," म्हणालो आणि दुसऱ्या वर्षाच्या एका अबोल मुलीचं नाव सांगून मोकळा झालो.

मास्तरांनी माना खाली घातल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

काल तिला कॉलेजातून काढून टाकलं. जाताना म्हणाली, "सर, तुम्ही माझी चित्रं इतकी नीट बघायचात?"

दादा, आपण कॉलेजात शिकत असताना ती सरकारविरोधी पत्रकं आपण दोघांनी चिकटवली होती. पोलिसांनी तुला तीन दिवस बसवून ठेवलं. हे पत्र पेटीत टाकायचा धीर मला होणार नाही.

तुझा,
ज्याचं नाव तू घेतलं नाहीस तो