कुलुपावर नाव होतं

३ मार्च

१७ जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. सरकारी इस्पितळाची जुनी लिफ्ट. माझा मुलगा, लिफ्टचा मेकॅनिक, तिच्या टपावर काम करत होता. खाली मुख्य स्विचला त्याचं लाल कुलूप, किल्ली त्याच्या गळ्यात. त्यांच्या कामाची रीतच आहे— ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मंत्रीणबाई नव्या वॉर्डाचं उद्घाटन करायला आल्या. कुलूप कापलं गेलं. लिफ्ट वर गेली.

पुढचं लिहिता येत नाही.

५ मार्च

किल्ली इस्पितळानं कपड्यांबरोबर परत दिली. काय उघडू हिनं?

९ मार्च

भाची वकील आहे. माझी केस फुकट लढते आणि त्याची भरपाई मला ओरडून करते. आज म्हणाली, ‘आत्या, रडून झालं असेल तर ऐक.’ कुलूप कापायला कोणी सांगितलं, सगळं त्यावर अडलंय. त्या वेळी लिफ्टपाशी दोघंच होते, मंत्रीण आणि लिफ्टमन. बाकीचा लवाजमा हार घेऊन जिन्यानं पुढे गेला होता. लिफ्टमन म्हणतो, आठवत नाही. चांगलंच सोयीचं डोकं आहे!

मी विचारलं, मंत्र्याला साक्षीला ओढता येतं का? येतं म्हणाली. समन्स कोणालाही निघतं. फक्त, जे तिला ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही, एवढं न्यायाधीशांना पटवावं लागतं.

१० मार्च

मंत्रिणीच्या बंगल्यावर फोन केला. सेक्रेटरी म्हणाला, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडले रे बाबा, ‘मीटिंग’ म्हणजे काय ते मला शिकवतोस? असं म्हटलं. त्यानं ठेवून दिला.

सातव्यांदा फोन लावला तेव्हा मी रडले. त्याला ऐकू गेलं असणार— त्याचंच वाईट वाटतं.

११ मार्च

कॉन्व्हेंटमध्ये मी आणि ही मंत्रीण, दोघी एका बाकावर. काच फुटली, शाई सांडली की मदर एवढंच म्हणायच्या, ‘जिनं केलं तिनं उभं राहायचं.’ वर्ग मुका. आणि ही उभी राहायची! हातावर छडी खाऊन यायची, वर मलाच डोळा मारायची.

माझा मुलगा तान्हा असताना सारखा गुणगुणायचा, म्हणून त्याचं नाव ‘भुंगा’ हिनंच ठेवलं. ते इतकं चिकटलं की कामावरही तो भुंगाच. कुलुपाला अडकवायच्या पाटीवरही त्यानं तेच रंगवलं होतं— ‘भुंगा आत आहे. काढू नका.’ साहेबानं हटकलं तेव्हा म्हणाला, खरं नाव कोणी वाचत नाही, हे सगळे वाचतात.

तिला कुलूप दिसलंच नसेल. लिफ्टमननंच पुढेपुढे करत परस्पर कापलं असेल. ती पिंजऱ्यात उभी राहिली तर खोटं बोलणार नाही. आणा तिला फक्त.

२२ मार्च

कोर्टात सरकारी वकील काय गोड बोलतो! मंत्रिमहोदयांचा वेळ जनतेचा आहे म्हणे. मी म्हटलं, माझा मुलगा कोणाचा होता? भाचीनं कोपर मारलं. न्यायाधीशांना ऐकू गेलं, पण रागावले नाहीत. म्हणाले, पद मोठं म्हणून कोणी साक्षीतून सुटत नाही. माझी मान ताठ झाली. मग म्हणाले, आधी लिफ्टमनला विचारू.

लिफ्टमन उभा राहिला. चपलांकडे बघत म्हणाला, ‘मला कोणी सांगितलं नाही. मी आपल्या मनानं कापलं.’

झालं. कोर्टाला उत्तर मिळालं, मंत्रिणीची गरज संपली. तिला बोलावण्याचा अर्ज फेटाळला.

२३ मार्च

आता शिक्षा त्याला होईल. आठवत नव्हतं, ते एकदम आठवलं कसं? आणि स्वतःच्याच गळ्याशी येईल असं?

घरभर शांतता आहे. कोणी गुणगुणत नाही.

२८ मार्च

लिफ्टमन आला. उंबऱ्याच्या आत येईना, पाणीसुद्धा घेईना. मी चार शब्द सुनावले, ते ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘काकू, माझी मुलगी त्याच इस्पितळात नर्स आहे. मला तेच म्हणायला लावलं. पण झोप लागत नाही.’ आणि सगळं सांगितलं. पुन्हा कोर्टात सांगशील का विचारलं, तर नुसता रडायला लागला.

२९ मार्च

तू पाटी हातात घेतलीस. वाचलीस. हसलीस. लिफ्टमन म्हणाला, आत माणूस असेल, हाक मारून बघतो. तू म्हणालीस, ‘अहो, हा आमचाच भुंगा. जेवायला गेला असेल. कापा. रागावला तर सांगा, मावशी आली होती.’

पाटी वाचलीस ना? हो की नाही, एवढंच लिही. लेखी. दहा एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत. सेक्रेटरीची सही चालणार नाही. उभी राहा.