बोटीतला चुकलेला खांदा

८ जानेवारी, बुधवार

हुश्श! सगळे कोरडे परतलो. आमच्यात पोहता येतं ते फक्त खात्या नावाड्याला!

नानीबाई बोलली. अखेर बोलली! नर्मदाकाठी, तिच्या मणिबेली गावाला तीन वर्षं खेटे घालतेय, दर वेळी 'पुढच्या वेळी बोलू'. तिचं घर जिथे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तिथे आज तिनेच बोट थांबवायला लावली आणि सलग अकरा मिनिटं बोलली. घर, मोहाचं झाड, आणि घरामागे पुरलेली सव्वा महिन्याची पहिली मुलगी. मी मागे बसून रडले.

वीस तारखेच्या आसपास विद्यापीठाची समिती येतेय. सात वर्षं चालवलेला 'डिजिटल कथाकथन' अभ्यासक्रम ठेवायचा की बंद करायचा, ते ठरणार. दाखवायला एक तरी दमदार फिल्म हवी होती. मिळाली. आता येऊ देत.

९ जानेवारी, गुरुवार

चित्र नाही! एक फ्रेमही नाही!

आमची पद्धत अशी — आवाज सुपडूकडे, त्याला दिसत नाही. कॅमेरा तौहिदकडे, त्याला ऐकू येत नाही. रेकॉर्डर सुरू झाला की सुपडू तौहिदच्या खांद्यावर थाप मारतो, मग कॅमेरा सुरू. मीच बसवलेली पद्धत. माझ्या शोधनिबंधातसुद्धा आहे. सात वर्षांत एकदाही चुकली नाही.

पण काल खात्याने बोटीचं वजन सारखं करायला सगळ्यांना इकडचं तिकडे बसवलं. सुपडूला कोणी सांगितलंच नाही. मीही नाही. इंजिनाच्या आवाजात त्याला काय कळणार! त्याने सवयीने उजवीकडे थाप मारली. तिथे नानीबाई होती. तिने वळून पाहिलं आणि बोलू लागली. तौहिद मात्र पाण्याकडे तोंड करून थापेची वाट बघत बसला.

सुपडू आज म्हणाला, "खांदा तर खांदाच शे ना मॅडम! माले काय माहीत कोना!" हसू आलं, मग रडू. तो धीर देत होता, "आवाज शे ना! आख्खा शे!"

११ जानेवारी, शनिवार

तौहिदचा मेसेज — 'मॅडम, मी येणार नाही. नजर माझी आणि मलाच दिसलं नाही.'

त्याच्या घरी गेले. समोर बसला, चहा घेतला, आणि दोन्ही हात खिशात घातले. त्याचे हात खिशात म्हणजे विषय संपला. मी हातवारे करून करून थकले. निघताना त्याची अम्मी म्हणाली, "दो दिन दो मैडम, आ जाएगा."

१४ जानेवारी, मंगळवार

आला! तिळगूळ न्यायला आलोय, असं खुणेने सांगितलं. लबाड.

तोडगाही त्यानेच काढला. पडदा काळाच ठेवायचा. नानीबाईचा आवाज, खाली तिचे शब्द मराठीत, आणि ती थांबते तिथे अक्षरंही थांबतात. पूर्ण काळं. सुपडूला आवाज पुरतो, तौहिदला अक्षरं. सुपडूने थांबण्याच्या जागा सांगितल्या, बोटांनी तौहिदच्या तळहातावर. मी बाजूला बसून नुसती बघत होते. बावीस वर्षं 'सर्वांसाठी पडदा' म्हणून भाषणं ठोकतेय, तो आज प्रत्यक्ष पाहिला!

१७ जानेवारी, शुक्रवार

समिती सोमवारीच येतेय. आमचा नियम — जिची गोष्ट, तिला आधी दाखवायची. ती हो म्हणेल तरच बाकीच्यांना. पण मणिबेलीला फोन लागत नाही, आणि जाऊन यायचं तर दोन दिवस मोडतात, इथे अक्षरं बसवायचं काम अजून बाकी. एखाद्या वेळेला चालतं. नानीबाई नाही थोडीच म्हणणार!

२० जानेवारी, सोमवार

मंजूर!! आणखी पाच वर्षं!

अकरा मिनिटं कोणी खोकलंही नाही. समितीतले ते कडक गृहस्थ चष्मा पुसत होते. ज्या सहकाऱ्यांनी आजवर 'सालेहा मॅडमची टुरिंग टॉकीज' म्हणून टिंगल केली, ते पेढे मागत होते. प्राचार्य म्हणाले, "ही फिल्म नसती तर अवघड होतं." माहितीय मला.

किती बरं वाटतंय! खांदे, मान, सगळं सैल झालं. सुपडू नि तौहिदचं काम टिकलं. माझंही.

२५ जानेवारी, शनिवार

नानीबाईला ऐकवायला तिघं गेलो. तिने पदर तोंडावर घेतला.

संपल्यावर सुपडूकडे बोट दाखवून तिच्या बोलीत जे म्हणाली, ते मराठीत लिहून ठेवते. "याची थाप पडली तेव्हा मी त्या पोराच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. बंद होता. म्हणून बोलले. वाटलं, याला दिसत नाही, याच्यापाशी मन मोकळं करावं. त्या मुलीचं माझ्या पोरांनाही ठाऊक नाही, बाई."

सुपडू हळूच म्हणाला, "मन्हा हातमा रेकॉर्डर व्हता, मावशी." तिने विचारलं, ते काय असतं?

कॅमेरा आम्ही प्रत्येकाला दाखवतो. हातात देतो, बघू देतो. रेकॉर्डर आजवर कोणाला दाखवलाच नाही. सुचलंच नाही!

परतताना तौहिदला सगळं खुणांनी सांगितलं.

२७ जानेवारी, सोमवार

प्राचार्यांना पत्र दिलं — फिल्म मागे घेतेय, परवानगी घेतली नव्हती, चूक माझी. ते म्हणाले, "मग मंजुरीही जाईल." म्हटलं, जाऊ दे. खाली आले. सुपडूने रेकॉर्डर पुढे केला, तौहिदने संगणकावरची फाइल उघडून दाखवली. दोन्हीकडचं पुसलं. सुटलो!