सव्वा फूट उंबराच्या सावलीबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
पदपथ व्यवसाय शाखा, नगरपालिका कार्यालय,
पहिला मजला, जिना चढल्यावर डावीकडे
(जिथे भिंतीवर घड्याळाची नुसती गोल खूण उरली आहे, ती खोली)

विषय : झाड क्र. ४१२ हयात असून अर्जदार त्याच्याच सावलीत बसतो, हे मान्य होऊन परवाना चालू राहणेबाबत.

संदर्भ :
१) परवाना, घड्याळ दुरुस्ती, पदपथ.
२) आपली नोटीस, "झाड नाही, सबब जागा नाही."
३) आपलीच दुसरी नोटीस, "अर्जदार कामाच्या वेळेत झोपलेला आढळला."

महोदय,

१. अर्जदार गेली सव्वीस वर्षे आपल्या कार्यालयासमोरच्या पदपथावर, उंबराखाली टेबल मांडून घड्याळे दुरुस्त करतो. त्याला नाव आहे, पण वापरात नसल्यामुळे ते गंजले आहे; 'उंबराखालचा घड्याळवाला' एवढे लिहिले तरी पत्र पोहोचते. परवान्यात जागेचे वर्णन आपल्या आधीच्या साहेबांच्या हस्ताक्षरात एका ओळीचे आहे : "झाड क्र. ४१२ (उंबर) याच्या सावलीत." त्याच परवान्याची अट क्र. ७ अशी, की दुरुस्तीस घेतलेली वस्तू फक्त परवान्यातील जागेवरच परत द्यावी, अन्यत्र दिल्यास परवाना रद्द. अर्जदाराने ही अट डोळ्यांत तेल घालून पाळली आहे. एकदा एका गृहस्थांनी सुटत्या बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून घड्याळ मागितले. अर्जदाराने दिले नाही. गृहस्थ उतरले, झाडाखाली आले, घड्याळ मनगटावर बांधले आणि पुढच्या बसने गेले. जाताना ते जे बोलले ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही.

२. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करण्यासाठी सदर झाड मुळासकट काढण्यात आले. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. पूर्वी दोन रांगांत अडकणारी वाहने आता तीन रांगांत अडकतात, ही प्रगती त्याने बसल्या जागेवरून पाहिली आहे. मात्र झाड ट्रकमध्ये भरताना बुंध्याच्या बगलेतले एक गाठाळ मूळ तुटून अर्जदाराच्या पायाशी पडले. त्यावर अंगठ्याएवढा एक फुटवा होता आणि फुटव्याला तीन पाने. अर्जदाराने खोदाई यंत्राच्या चालकास विचारले, हे नेऊ का? चालक म्हणाला, "न्या काका, नाहीतरी कचऱ्यातच जायचंय. आणि ही नंबराची पाटीपण न्या. झाड तुमच्याकडे नि पाटी माझ्याकडे, असलं लफडं नको मला." सबब झाड व पाटी यांची ताटातूट एक क्षणही झालेली नाही, हे नम्रपणे नोंदवतो.

३. घरी मोठी कुंडी नव्हती. अर्जदाराच्या पत्नीने पीठ मळायची परात दोन दिवसांच्या बोलीवर दिली. अर्जदाराने तिच्या तळाला भोके पाडल्यावर ती बोली आपोआप संपुष्टात आली, व त्या दिवशीचे पीठ ताटात मळावे लागले. पुढे दोन वर्षे अर्जदाराने डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या चिमट्याने, त्याच बारीक कात्रीने आणि तांब्याच्या तारेने त्या झाडाचे जे जे करायचे ते केले. मुळे छाटली, फांद्यांना वळण दिले, जास्तीची पाने खुडली. आज झाड क्र. ४१२ सव्वा फूट उंच असून बुंधा मनगटाएवढा आहे. गेल्या महिन्यात त्याला दोन उंबरे लागली. पाने बारीक झाली, फांद्या बारीक झाल्या, पण फळे मात्र पहिल्याच आकाराची आली. हे पाहून अर्जदाराने भिंग पुसून पुन्हा लावले. त्या दिवशी परातीत पाणी पत्नीने घातले.

४. हे झाड रोज सकाळी अर्जदाराबरोबर येते, टेबलाच्या कोपऱ्यावर बसते आणि संध्याकाळी घरी जाते. पाटी झाडापेक्षा रुंद असल्याने झाडावर पाटी ठोकता आली नाही; पाटीला झाड टेकवले आहे.

५. या महिनाअखेर परवान्याची मुदत संपते. त्यानिमित्त आपले निरीक्षक टेप घेऊन पाहणीस आले. माणूस सज्जन. भर बाराला त्यांनी सावली मोजली, ती अकरा इंच बाय अकरा इंच भरली. सावलीत भिंग, चिमटा व अर्जदाराचा डावा पंजा आढळला. उर्वरित अर्जदार उन्हात आढळला. अर्जदाराने छत्री उघडून दाखवली, तेव्हा छत्रीला झाडाचा क्रमांक नसल्याने ती नाकारण्यात आली. शेवटी त्यांनाच वाईट वाटून ते म्हणाले, "तुम्ही जरा आत सरकून बसता का? निदान डोकं तरी येऊ द्या सावलीत, म्हणजे मला लिहिता येईल." सरकारी सूचना मानून अर्जदाराने टेबलावर डोके टेकवले. डोके सावलीत आले. नेमके त्याच वेळी आपल्या शाखेचे वरिष्ठ लिपिक गॅलरीतून पाहत होते. संदर्भ क्र. ३ ची नोटीस ती हीच.

६. दरम्यान वृक्ष शाखेला झाड जिवंत असल्याचा सुगावा लागला. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी खुलासा मागवला आहे, की नोंदवहीप्रमाणे झाड क्र. ४१२ ची उंची चाळीस फूट असता प्रत्यक्षात ते सव्वा फूट भरते, तर मधली पावणेएकोणचाळीस फूट छाटणी कोणाच्या परवानगीने झाली? अर्जदार खुलासा करतो, की ती आपल्याच ट्रकमधून गेली. ती कुठे उतरवली हे वृक्ष शाखेने कळवल्यास अर्जदारासही पाहायला आवडेल. म्हणजे एका शाखेच्या मते झाड नाही म्हणून अर्जदाराने उठावे, आणि दुसरीच्या मते झाड आहे म्हणून त्याने उत्तर द्यावे. दोन्ही शाखा एकाच व्हरांड्यात आहेत, आणि मधल्या भिंतीला दार आहे. अर्जदाराने ते उघडून पाहिले. मागे कपाट लावलेले आहे.

७. तोडगा म्हणून, जुन्या जागेशेजारी लावलेल्या परदेशी शोभेच्या झाडाखाली बसण्याचे तोंडी सुचवण्यात आले. उंबर घरी ठेवून अर्जदार तीन दिवस तिथे बसला. त्या झाडाची सावली कंगव्याच्या दातांसारखी पडते, घड्याळाचा स्क्रू एकदा दिसतो, एकदा नाही. त्या तीन दिवसांत नेहमीचे गिऱ्हाईक समोरून शोधत शोधत निघून गेले. एक आजीबाई तर अर्जदारालाच विचारू लागल्या, "अहो, इथे उंबराखाली एक घड्याळवाला बसायचा, तो गेला का हो?" अर्जदाराने "नाही" म्हटले, पण त्याचे त्यालाच नीट पटले नाही. चौथ्या दिवसापासून तो पुन्हा परातीशेजारी बसतो.

८. आता मुद्द्याचे. तीन आठवड्यांपूर्वी आपल्या कार्यालयाचे भिंतीवरचे घड्याळ शिपायाने अर्जदाराच्या टेबलावर दुरुस्तीस आणून दिले. आपण चिठ्ठी पाठवली होती, "लवकर द्या." घड्याळ दुसऱ्याच दिवशी तयार झाले. मात्र तोवर हाती पडलेल्या संदर्भ क्र. २ च्या नोटिशीप्रमाणे परवान्यातील जागाच अस्तित्वात नाही, आणि अट क्र. ७ प्रमाणे अन्यत्र वस्तू देता येत नाही. अर्जदार नियम मोडणारा नव्हे. हा अर्ज देण्यासाठी तो तीनदा वर आला, तिन्ही वेळा जेवणाची सुट्टी चालू होती. ती कधी संपते, हे कळायला कार्यालयाकडे साधन नाही, याची अर्जदारास जाणीव असून वाईटही वाटते.

९. तरी विनंती, की सावली कोणाच्या अंगावर पडते हे न पाहता, ती कोणाची आहे एवढेच पाहावे, आणि झाड क्र. ४१२ हयात असल्याची नोंद घेऊन महिनाअखेरीपूर्वी परवाना चालू ठेवावा. आपल्या घड्याळाची तबकडी अर्जदाराने मोजली. ती बरोबर अकरा इंच भरली. भर बाराला ते घड्याळ उंबराच्या सावलीत ठेवले, तर काठाला उन्हाचा थेंबही लागत नाही. ते तसेच ठेवलेले आहे. जागा मान्य असल्यास आपण परवान्यावर सही करून स्वतः खाली यावे आणि घड्याळ घेऊन जावे. जागा मान्य नसल्यास ते चालू स्थितीत तिथेच राहील. किल्ली रोज दिली जाईल, त्याची काळजी नसावी.

आपला नम्र, आणि तूर्त बराचसा उन्हातला,

उंबराखालचा घड्याळवाला

दिनांक : महिनाअखेरीस तीन दिवस बाकी
वेळ : बारा वाजून सात मिनिटे (आपल्याच घड्याळाप्रमाणे)

सोबत :
१) परवान्याची प्रत, अट क्र. ७ खाली रेघ मारून.
२) अर्जदाराच्या पत्नीची स्वतंत्र चिठ्ठी : "साहेब, झाड तिथेच राहू द्या. परात गेली ती गेली."
३) झाड क्र. ४१२ चे एक उंबर, पूर्ण आकाराचे. दुसरे झाडावर असून जागेवर येणाऱ्यास पाहता येईल.