डिझेलच्या बोटीतली मोटार

४ फेब्रुवारी १९७४, सांगली
रविवारच्या पुरवणीला लेख दिला — चाळीस मिनिटांत! कोकण किनाऱ्यावर प्रवासी नेणारी जुनी ‘जलकेतकी’ बोट मुंबईत मोडीत निघतेय. तिच्यावर नोकरी केलेला कोंडीबा मलकापूरजवळ राहतो, एवढं कळलं. भेटायला वेळ नव्हता, म्हणून भेटल्यासारखं लिहिलं. ‘कोंडीबांनी भट्टीत कोळसा लोटला, त्यांच्या घामाने समुद्र खारट झाला.’ वा! मी समुद्र पाहिलाय दोनदा. दोन्ही वेळा एस.टी.च्या खिडकीतून.

१० फेब्रुवारी
छापून आला. स्वतःच दोनदा वाचला.

१२ फेब्रुवारी
कोंडीबा कचेरीत हजर! साठीचा, सडसडीत, हातात पुरवणी.
“सायेब, डिझेलची बोट ती. भट्टी कुठनं आणली तुमी?”
मी खुर्ची पुढे केली.
त्याच्या गावच्या पाणी सोसायटीला नदीवरच्या विजेच्या पंपासाठी माणूस हवाय. याने अर्ज केलाय — बोटीवर विजेची मोटार होती, ती मला कळते म्हणून. पंच आता माझा लेख नाचवतात. “कोळसेवाल्या, मोटारीचं सपान पडलं व्हय रं?”
जमीन नाही. घरात तो आणि बायको बयाबाई. हे काम गेलं तर या वयात ऊसतोड.
मग दोन तास त्याने बोट समजावली. इंजिन बोटीचा पाण्यातला पंखा फिरवतच नाही! ते नुसती वीज तयार करतं. वीज तारांतून मागच्या मोटारीला जाते, मोटार पंखा फिरवते. “मागं जायाचं तर इंजान थांबवाय नगं. खटका फिरवला की मोटार उलटी!”
वीस वर्षं लिहितोय. दोन तास गप्प बसून ऐकलं ते आज.

१७ फेब्रुवारी
दुरुस्ती छापली. संपादक म्हणाले, “तीन ओळी.” माझ्या खाऱ्या समुद्राला दोन कॉलम होते!

१९ फेब्रुवारी
तीन ओळींनी पंच हलले नाहीत. मग मीच त्याच्या गावी गेलो. चेअरमन लालासाहेब म्हणाले, “आवं, इंजान हाय तर मोटार कशापायी? बैलाला वडाय दुसरा बैल?” मी तज्ज्ञासारखा समजावू लागलो आणि तिसऱ्या वाक्यात बोट बुडवली. शेवटी कोंडीबानेच खडूने फरशीवर सगळं काढून दाखवलं. चेअरमन माझ्याकडे वळले.
“यानं मोटार चालवलीया, ही हमी तुमची?”
“माझी!” — मी छाती काढून.
काम मिळालं.

६ मार्च
पंधरा दिवस पंप बिनतक्रार चालू. कोंडीबा गुळाची ढेप घेऊन आला. जाताना दारात घुटमळला.
“सायेब, बोटीवरल्या त्या मोटारीला हात लावू दिला न्हाई कुनी कवा. मी चा न्यायचो. अकरा वर्सं दारातनं बगितली.”
मी गूळ ठेवून घेतला.